खाडीकाठी टर्बो कशाला?

सरळ सांगून टाकतो. तुम्ही करावे, सीवूड्स, नेरूळ, बेलापूर या पट्ट्यात राहत असाल, कधीतरी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हणून पैसे साठवत असाल आणि 'टर्बो, सुपरचार्जर की एनए' यावर मित्रांशी रात्री दोनपर्यंत भांडत असाल, तर माझं उत्तर एनए आहे. नॅचरली अ‍ॅस्पिरेटेड. बाहेरून कुणी हवा कोंबत नाही, स्वतःच्या छातीने श्वास घेणारं इंजिन. टर्बोवाल्यांनी खुशाल चिडावं, फक्त पूर्ण वाचून चिडावं.

आधी तिघांची ओळख. इंजिनाला ताकद हवी असेल तर जास्त पेट्रोल जाळावं लागतं आणि त्यासाठी जास्त हवा लागते. टर्बो ही हवा सायलेन्सरकडे निघालेल्या गरम धुरावर चक्र फिरवून दाबतो. ते चक्र मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं. सुपरचार्जर तेच काम इंजिनाला पट्टा लावून करतो. म्हणून तो लगेच जागा होतो, पण इंजिनाचीच थोडी ताकद खातो. एनए यातलं काहीच करत नाही. वातावरण देईल तेवढी हवा घेतं आणि जास्त ताकद हवी असेल तर जास्त वेगाने फिरतं.

'वातावरण देईल तेवढी' हे शब्द नीट लक्षात ठेवा, कारण आपलं सगळं भांडण तिथेच मिटतं.

टर्बोची खरी कमाल उंचावर दिसते. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे. तिथे हवा समुद्रकाठापेक्षा सुमारे १२ टक्के विरळ, म्हणजे एनए इंजिनाची ताकदही जवळजवळ तेवढीच कमी. लेह-लडाखला तर एनए गाडीला अक्षरशः धाप लागते. टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. मान्य. पण करावे कुठे आहे? खाडीला लागून. भरतीचं पाणी जिथे खारफुटीत शिरतं, तिथे उंची कसली? निसर्ग ज्या जागी इंजिनाला पूर्ण ताटभर हवा फुकट वाढतो, तिथे आपण वरून पंप लावून हवा भरतोय.

आणि हवा दाबली की ती तापते. म्हणून टर्बोला इंटरकूलर लागतो. मे महिन्याच्या दुपारी सिग्नलमागून सिग्नल लागले की तो इंटरकूलरही तापतो. आत गरम हवा गेली की नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयू ठिणगी उशिरा पाडतो आणि ताकद कापतो. शोरूममध्ये मोजलेल्या पैशांतला काही भाग तिथेच, लाल दिव्याखाली वितळतो.

मग भारतात जिकडेतिकडे छोटे टर्बो का? इंजिनिअरला स्वप्न पडलं म्हणून नाही. त्याचं मोठं कारण कर आहे. २००६ च्या अर्थसंकल्पात 'छोटी गाडी' ठरली: लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोल इंजिन १,२०० सीसीच्या आत. तिला कर कमी. सप्टेंबर २०२५ मधल्या जीएसटी बदलानंतरही रेघ तिथेच आहे: आत असाल तर १८ टक्के, बाहेर गेलात तर ४०. म्हणजे दीड लिटरचं मोकळ्या श्वासाचं इंजिन लावलं की कंपनीला शिक्षा आणि एक लिटरच्या इंजिनात हवा कोंबली की बक्षीस. चाकणला बनलेली पोलो जीटी टीएसआय आठवा. तिचं इंजिन १,१९७ सीसीचं होतं. रेघेच्या तीन सीसी अलीकडे. गाडी झकास होती, वाद नाही. पण ज्याला आपण 'परफॉर्मन्सचं तंत्रज्ञान' म्हणून मिरवतो, त्यातलं बरंचसं सीएच्या टेबलावर ठरलेलं आहे.

आपल्याकडच्या स्पोर्ट्स कारचा छोटासा इतिहासही बघा. दिलीप छाब्रियांची अवंती: रेनोचं दोन लिटरचं टर्बो, सुमारे २५० हॉर्सपॉवर. टाटांची रेसमो: २०१७ साली जिनिव्हाच्या प्रदर्शनात झळकली, १.२ लिटर टर्बो, १९० हॉर्सपॉवर, आणि विक्रीला कधी आलीच नाही. १.२ हा आकडा योगायोगाने आला, असं ज्याला मानायचं त्याने मानावं. त्याआधी, नव्वदच्या दशकाच्या शेवटी, गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची उघड्या छपराची दोन सीटची गाडी बनली होती. इंजिन रेनोचंच, १,१४९ सीसी, साधं एनए, हॉर्सपॉवर जेमतेम साठ. आजची पोरं या आकड्याला हसतील. पण डोक्यावर छप्पर नसताना पन्नासचा वेगसुद्धा अंगाला जाणवतो, आणि स्पोर्ट्स कारचा अर्थ तोच तर आहे.

सुपरचार्जरवाल्यांना मी थोडा मान देतो. पाय दाबला की थांबणं नाही, उत्तर हजर. पण आपल्याकडे तो मिळाला तो जॅग्वार किंवा जुन्या मर्सिडीज कॉम्प्रेसरसारख्या गाड्यांत, म्हणजे बहुतेकांच्या आवाक्याबाहेर. राहिला बाहेरून किट बसवण्याचा मार्ग. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल वाचा. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल चालत नाही. उद्या अपघात झाला तर विमा कंपनी हेच कलम तुमच्यासमोर धरेल. 'स्टेज वन रीमॅप'वाल्या टर्बो मित्रांनी हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आता मुद्द्याचं. पोलोचं नंतरचं एक लिटर टीएसआय ११० हॉर्सपॉवर आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क देत होतं, तोही १,७५० आरपीएमपासून ४,००० पर्यंत सपाट. होंडा सिटीचं दीड लिटर एनए १२१ हॉर्सपॉवर देतं, पण ६,६०० आरपीएमला. एक इंजिन सगळं सुरुवातीलाच हातात ठेवून मोकळं होतं. दुसरं म्हणतं, ये, वर चढ, मग देतो. टर्बोत जो धक्का आज बसला तोच उद्या बसतो. आठवड्याभरात सवय होते. मग नवं काही जाणवायला एकच वाट उरते: आणखी वेग. एनएची मजा मात्र चढण्यात आहे. आवाज बदलत जातो, पाय आणि इंजिन यांचं बोलणं तुटत नाही. दीड लिटरच्या गाडीत पहिला गिअर शेवटपर्यंत नेला तरी काटा साधारण पन्नाशीच्या आसपास असतो. म्हणजे पूर्ण राग आळवून होतो आणि चलानही फाटत नाही.

हे एवढं महत्त्वाचं का? कारण आपल्या दारात पाम बीच रोड आहे. वाशीपासून बेलापूरपर्यंत रुंद, बराचसा सरळ, रात्री मोह घालणारा. त्याच्या एका अंगाला करावे गावठाण, दुसऱ्या अंगाला खाडी. तो रस्ता ओलांडणारी माणसं आहेत. पहाटे फ्लेमिंगो बघायला निघालेली, टी. एस. चाणक्यकडे ड्युटीला जाणारी, घरी परतणारी. वेग साठवरून एकशेवीसवर गेला की धडकेतली ऊर्जा दुप्पट नाही, चौपट होते. रीलमध्ये ब्लो-ऑफचा 'छूऽऽ' ऐकू येतो, झेब्रा क्रॉसिंगवर थबकलेली बाई दिसत नाही. एनए गाडीने माणूस मरत नाही असं मी म्हणत नाही. मूर्ख पायाला कुठलंही इंजिन पुरतं. पण ज्या गाडीची मजा साठच्या आत संपूर्ण मिळते ती घेणारा, आणि जिची मजा शंभरनंतर सुरू होते ती घेणारा, यांनी एकच निवड केलेली नाही.

'पण जमाना टर्बोचाच आहे, फेरारीसुद्धा वळली!' वळली खरी. २०१५ साली ४८८ आली आणि तिच्या मधल्या इंजिनाच्या व्ही-एट गाड्या टर्बो झाल्या. पण आपल्या सचिनच्या ज्या ३६० मोडेनाची कस्टम ड्युटी देशभर गाजली, तिचं ३.६ लिटर इंजिन एनए होतं, ८,५०० आरपीएमला ४०० हॉर्सपॉवर देणारं. आणि पोर्शेने ९११ जीटी३ अजून एनएच ठेवलीय, ९,००० आरपीएमपर्यंत. ज्यांना टर्बो परवडत नाही असं कुणी म्हणणार नाही, ते असं का करतात, याचा विचार करा.

घाटमाथ्यावर राहत असाल, लडाखला दरवर्षी जात असाल, पाच माणसं आणि सामान ओढायचं असेल, तर टर्बो घ्या. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवरच्या ड्रॅग शर्यतीत उतरायचं असेल तर मोठ्यात मोठा घ्या, मी टाळ्या वाजवायला येईन. पण गाडी रोज पाम बीचवरूनच फिरणार असेल, तर जुनी, हलकी, मॅन्युअल गिअरची, नीट सांभाळलेली एनए शोधा. उरलेल्या पैशांत चांगले टायर आणि ब्रेक पॅड टाका. हवा खाडीवरून येतेच आहे, आणि तिच्यावर अजून कर लागलेला नाही.