तापीतीरावरून : घाव जाणणारे हात

सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचे इच्छापोर लागते. एके काळचे हे शेतीचे गाव आज औद्योगिक वसाहतीने वेढले आहे. कामधंद्यासाठी दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे येथे शेजारी शेजारी राहतात, आणि त्यांत आपल्या खानदेशाकडची कुटुंबेही आहेत. येथून जवळच सुवालीचा किनारा आहे. सतराव्या शतकात परदेशी गलबते तेथे नांगर टाकीत. औरंगजेबाच्या काळात जंजिऱ्याचे सिद्दी मोगल आरमाराचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांची जहाजेही सुरतेला येऊन राहत. पुढे १७९१ मध्ये त्याच घराण्यातील एका शाखेने सुरतेच्या दक्षिणेस सचिन हे छोटेसे संस्थान स्थापिले.

मराठी मनाला ‘सिद्दी’ म्हटले की जंजिरा आठवतो. इतिहासाची थोडी अधिक गोडी असेल तर अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ झालेला मलिक अंबर आठवतो. सेनापती, आरमाराचे सरदार, नवाब यांची नावे इतिहासाने जपून ठेवली. परंतु पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून विकण्यासाठीच जी माणसे आणि मुले या समुद्रावर लोटली गेली, त्यांची नावे कोणत्या बखरीत सापडणार? भडोच जिल्ह्यात रतनपूरला बावा गोरचा दर्गा आहे. तेथील सिद्दी आज गुजराती बोलतात. पूर्वजांची भाषा गेली, गावे गेली, नातीही पुसली गेली. राहिला तो ढोल आणि त्यावरचा ‘गोमा’ हा नाच. हा शब्द स्वाहिलीतील ‘ङ्गोमा’ म्हणजे ढोल याच शब्दाचे रूप आहे. सर्वस्व हरवलेल्या समाजाने एवढा एक शब्द मुठीत घट्ट धरून ठेवला, हे पाहिले की मन गलबलते.

ज्या समाजाच्या काळजावर पिढ्यान्‌पिढ्यांचा घाव आहे, तो पुन्हा उभा कसा राहतो, आणि त्याला उभे करणारा पुढारी कसा असावा लागतो, हा या महिन्याचा विषय. घाव म्हणजे काय, हे सुरतकरांना समजावून सांगावयास नको. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीला आलेला पूर ज्यांनी माळ्यावर बसून काढला, त्यांच्यापैकी कित्येकांच्या छातीत पुढे पाऊस जोराचा लागला की धस्स होई. पाणी ओसरते, भिंतीवरची खूणही रंगाखाली जाते, परंतु शरीर ते विसरत नाही. मग ज्यांच्यावरून एका आठवड्याचा नव्हे, तर कित्येक पिढ्यांचा पूर गेला, त्यांच्याविषयी काय बोलावे? असा मनुष्य बिचकतो, एकाएकी संतापतो, कोणावर विश्वास टाकीत नाही, उद्याची तजवीज करीत नाही. बाहेरचे लोक त्याला आळशी, भांडखोर, बेभरवशाचा म्हणून मोकळे होतात. “याचे काय बिघडले आहे?” असा त्यांचा प्रश्न असतो. “याच्यावर काय बेतले आहे?” असे विचारणारा विरळा, आणि खरे नेतृत्व या दुसऱ्या प्रश्नापासून सुरू होते.

याचे एक जिवंत उदाहरण आपल्या नाशकात घडले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या गस्ती जहाजांनी अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडली. त्यांतून सुटलेली काही आफ्रिकन मुले नाशिकजवळच्या शरणपूर या मिशनच्या वसाहतीत वाढविली गेली. तेथे त्यांना लिहिणे-वाचणे आणि सुतारकी, लोहारकी असे धंदे शिकविले गेले. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा ज्या सोबत्यांनी त्याचा देह हजार मैलांहून अधिक वाट तुडवीत किनाऱ्यापर्यंत आणला, त्यांत जेकब होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये झालेल्या अंत्यविधीत शवपेटिका धरणाऱ्यांतही तो होता. १८७३ हेच साल झांजिबारचा गुलामांचा बाजार बंद झाल्याचे, आणि अमेरिकेतील गुलामगिरी नष्ट करणाऱ्यांना अर्पण केलेले जोतीराव फुल्यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाल्याचेही आहे.

परंतु मला अधिक मोलाचे वाटते ते याच्या पुढचे. मोंबासा बेटासमोर १८७५ च्या सुमारास ‘फ्रीअरटाउन’ ही मुक्त गुलामांची वसाहत उभी राहिली आणि नाशकात वाढलेली मंडळी तेथे शिक्षक, कारागीर आणि प्रचारक म्हणून गेली. नुकत्याच सुटलेल्या, भेदरलेल्या माणसांना आधार द्यावयाचा होता. तो देणारे स्वतःही लहानपणी बाजारात उभे राहिलेले होते. त्या वसाहतीत एक मोठी घंटा होती. गुलामांचे व्यापारी चालून येत आहेत अशी चाहूल लागली की ती वाजवीत. आजही त्या भागाला ‘केंगेलेनी’, म्हणजे घंटेचे ठिकाण, असे म्हणतात. उपदेश, शाळा, शिस्त हे सारे नंतरचे. आज रात्री तुला कोणी उचलून नेणार नाही, ही खात्री आधी द्यावी लागते, हेच ती घंटा सांगत होती.

मोंबासाच्या आतील अंगास असलेल्या राबाई येथे विल्यम जोन्स हा नाशकातच शिकलेला, स्वतः गुलामगिरीतून सुटलेला गृहस्थ मिशनचे काम पाहत होता. मालकांकडून पळून आलेली माणसे त्याच्याकडे येऊ लागली. मालकांचा दबाव होता आणि वरिष्ठांची नापसंती होती, तरी त्याने त्यांना परत धाडले नाही. अखेर १८८९ च्या आरंभी ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीने मालकांना मोबदला दिला आणि सुमारे चौदाशे माणसांना मुक्तिपत्रे मिळाली. या कथेला काळी बाजूही आहे. ज्या मिशनने या मुलांना अक्षरे दिली, त्यानेच त्यांची मूळची नावे पुसून परकी नावे दिली, आणि गोऱ्या सहकाऱ्यांच्या बरोबरीचा मान त्यांना सहजी मिळाला नाही. तरीही आपल्या घावाचा त्यांनी सूड केला नाही की भांडवलही केले नाही. दुसऱ्याचा घाव ओळखण्याची नजर केली.

हीच नजर आजच्या गुजरातेतही दिसते. गीरच्या कडेला तालाळा तालुक्यात जांबूर हे सिद्दींचे गाव आहे. तेथील हीराबाई लोबी लहानपणीच पोरक्या झाल्या आणि आजीने त्यांना वाढविले. शाळेचे शिक्षण नाही, हाती पैसा नाही. रेडिओ ऐकता ऐकता त्यांना शेतीच्या आणि सरकारी योजनांच्या वार्ता कळत गेल्या, आणि त्या त्यांनी इतर बायकांना सांगितल्या. महिला मंडळे उभी केली, मुलांसाठी बालवाड्या काढल्या, खत तयार करून विकण्याचा उद्योग बायकांच्या हाती दिला. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पर्यटकांनी ज्यांच्याकडे नाचणारे लोक म्हणून पाहावे, त्या समाजातील एका बाईने आपल्या भगिनींना रागावून सुधारले नाही. मूल बालवाडीत सुरक्षित असले की आईचे चित्त कामात लागते आणि हातात स्वतःचे चार पैसे आले की मान आपोआप वर होते, एवढे त्या जाणून होत्या. आणि ढोलही त्यांच्या समाजाने सोडला नाही. दुःख मोजणारे पुष्कळ भेटतात. परंतु ज्या समाजाचा आनंद शाबूत राहतो तोच दुःखातून बाहेर येतो.

वाचकहो, आपण महाराष्ट्राबाहेरची माणसे. आपण पोटासाठी आलो. पकडून आणलेल्यांच्या दुःखाशी आपली तुलना होणे शक्य नाही. परंतु आपल्या मंडळांत पुढारपण करणाऱ्यांनी येथून काही घ्यावे असे वाटते. गावाकडे सलग दुष्काळ सोसून नुकतेच आलेले कुटुंब सभेत मागे बसते, वर्गणी उशिरा देते, मुले कोणात मिसळत नाहीत. त्यांना शिस्तीचे चार शब्द सुनावणे सोपे आहे. त्याऐवजी मंडळातील एखाद्या जाणत्या बाईने त्यांच्या घरी जावे, चहा घ्यावा, त्यांचे ऐकून घ्यावे आणि मुलांना आपल्या मुलांबरोबर शाळेत घेऊन जावे. वर्गणीचे पुढच्या महिन्यात पाहता येईल.