नदीच्या नावे खाते

कुडपणचे पावसाळी धबधबे पाहताना पाणी अमर्याद भासते. उन्हाळ्यात मात्र पोलादपूरच्या डोंगरवाड्या टँकरची वाट पाहतात.

ऑस्ट्रेलियात २००७ च्या जलकायद्यान्वये मरे-डार्लिंग खोऱ्यातील पाणीहक्क नदीच्या नावे राखण्याची व्यवस्था झाली. शासनाने राजी शेतकऱ्यांकडून असे हक्क विकत घेतले; ते पाणी पाणथळी, मासे व पक्षी यांच्यासाठी सोडले जाते.

महाराष्ट्राच्या २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियमातही पाणीहक्काच्या हंगामी वा वार्षिक खरेदी-विक्रीची तरतूद आहे. परंतु नदीच्या वतीने खरेदी करणार कोण? शिवाय मापाविना सौदा होत नाही, हे व्यापारी कुटुंबांस सांगणे न लगे.

म्हणून सावित्रीचे खाते उघडायचे, तर आधी पाण्याचे मोजमाप हवे. आणि वाडीचे पिण्याचे पाणी बाजाराबाहेरच राहावे.