भट्टी आमची, विद्या कोणाची?



गेल्या उन्हाळ्यात आमच्या शाळेतून शिकून गेलेला एका लोहाराचा मुलगा दोन्ही हातांना पट्ट्या बांधून गावी परत आला. तो एका फौंड्रीत विजेच्या भट्टीवर भंगार टाकण्याच्या कामास होता. त्या दिवशी त्याने दोन्ही तोंडे चेपलेला नळीचा एक तुकडा वितळलेल्या लोखंडात टाकला. नळीत पाणी अडकलेले होते. पाण्याची वाफ झाली म्हणजे ती मूळ पाण्याच्या सुमारे सोळाशे पट जागा मागते. नळीच्या पोटात ती जागा कोठून मिळणार? बार उडाल्यासारखा आवाज झाला आणि रस उसळून पोराच्या अंगावर आला. डोळे वाचले, हे त्याच्या आईचे नशीब!

आम्ही त्याला भेटावयास गेलो तेव्हा तो म्हणाला, "मास्तर, पाण्याने तापले लोखंड विझते हे आजापासून ठाऊक होते. पाण्याने लोखंड उडते हे कोणी सांगितलेच नाही."

भिंतीवर सूचनेची पाटी नव्हती काय? होती. इंग्रजीत होती! मालक म्हणतात, पोरगा अडाणी होता. आम्ही विचारतो, त्याला अडाणी ठेवले कोणी? ज्याच्या सात पिढ्या ऐरणीपुढे गेल्या, त्याला भट्टीची विद्या त्याच्या मायबोलीत सांगावयास कोणाची जीभ झिजली असती?

ह्या प्रश्नावर आम्हांस दोन प्रकारचे शहाणे भेटतात. पहिल्या प्रकारचे म्हणतात, "गड्यांनो, ही नवी यंत्रे तुमच्या पोटावर पाय देणार. आपला भाता आणि आपला घणच बरा." हे सांगणारे गृहस्थ स्वतः शहरात राहतात, मोटारीतून हिंडतात, आणि त्यांच्या दिवाणखान्यात लोहाराने घडविलेला एखादा अडकित्ता शोभेला टांगलेला असतो. दुसऱ्या प्रकारचे म्हणतात, "ही विद्या फार मोठी आहे. ती इंग्रजीत आहे. तुमच्या पोरांनी बटण दाबावे, का दाबावे ते विचारू नये." पहिला आपणांस मागे ठेवतो, दुसरा आपणांस खाली ठेवतो. दोघांचा सल्ला मानला तर आपल्या लेकरांच्या हाती फक्त भाजलेले हात उरतील.

आता ही विजेची भट्टी आली कोठून ते पाहा. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरापासून शिरोली, गोकुळ शिरगावपर्यंत ज्या फौंड्र्या आहेत, त्यांत पूर्वी दगडी कोळशाच्या कोकवर चालणारे कुपोले असत. आज बहुतेक ठिकाणी इंडक्शन भट्टी आहे. तांब्याच्या नळीच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडतात. त्या विजेने मधल्या लोखंडातच वीज उत्पन्न होते व लोखंड आपल्याच अंगच्या उष्णतेने वितळते. जाळ नाही, भाता नाही. एक टन बीड वितळविण्यास सुमारे ५५० ते ६५० युनिट वीज लागते.

हे तत्त्व १८३१ साली मायकेल फॅरडे ह्याने शोधून काढले. आणि हा फॅरडे कोण? लोहाराचा मुलगा! बाप लंडनात घण मारीत असे. पोराला पुरती शाळाही लाभली नाही; तो पुस्तके बांधणाऱ्याच्या दुकानात उमेदवारीला राहिला आणि बांधावयास आलेली पुस्तके रात्री वाचू लागला. त्यातून तो जगातला पहिल्या प्रतीचा शास्त्रज्ञ झाला.

ह्याहून मौजेची गोष्ट पुढेच आहे. १७९४ साली मुंबईच्या डॉक्टर हेलेनस स्कॉट ह्यांनी आपल्या देशातील वूट्झ नावाच्या पोलादाचे नमुने लंडनास पाठविले. दख्खनच्या व दक्षिणेच्या कारागिरांनी मातीच्या बंद मुशीत लोखंड आणि लाकूडपाला घालून हे पोलाद सिद्ध केले होते. त्याची धार पाहून विलायतेचे विद्वान थक्क झाले. १८२० च्या सुमारास ह्याच फॅरडेने स्टोडार्ट नावाच्या शस्त्रकाराबरोबर त्या पोलादाची तपासणी केली. म्हणजे इकडच्या लोहाराने केलेली वस्तू तिकडच्या लोहाराच्या पोराने अभ्यासिली. मग तिकडचा जगाला वीज देऊन गेला आणि इकडच्याचे नावसुद्धा कोणास ठाऊक नाही, हे का?

बुद्धी कमी होती म्हणून? मुळीच नाही! फॅरडेच्या हाती पडलेले पुस्तक त्याच्या आईच्या भाषेत होते, आणि ते उघडल्याबद्दल कोणी त्याला शासन केले नाही. आपल्याकडे लेखणी एका घरी होती आणि घण दुसऱ्या घरी होता. ज्याला लिहिता येई त्याला भट्टीजवळ जाण्याचा विटाळ, आणि जो भट्टीजवळ बसे त्याला अक्षराची बंदी. वूट्झची विद्या कारागिराच्या डोक्यात राहिली आणि कारागीर सरणावर गेला तशी तीही गेली. विद्येविना काय काय गेले हे जोतीरावांनी सांगून ठेविलेच आहे. त्या यादीत मुशीतले पोलादही लिहून घ्यावे.

कोणी म्हणेल, फॅरडे एखादाच. तर मग आणखी ऐका. शेफील्डचे मुशीतले पोलाद १७४० च्या दशकात ज्याने सिद्ध केले तो बेंजामिन हंट्समन घड्याळे करणारा कारागीर होता. खनिजात स्फुरद असला म्हणजे पोलाद ठिसूळ होई. तो स्फुरद काढण्याची रीत १८७८ साली जाहीर करणारा सिडनी गिलख्रिस्ट थॉमस पोलीस कोर्टातला कारकून होता. दिवसा खर्डेघाशी करी आणि रात्रीच्या वर्गात रसायन शिके. त्याने भट्टीचे अस्तर चुनखडीच्या जातीचे केले, स्फुरद मळीत उतरला, आणि ती मळी दळून शेताला खत म्हणून घालू लागले. एका कारकुनाच्या रात्रशाळेने लोखंडाचे आणि शेतकऱ्याचे दोघांचेही भले केले! आणि आज ज्या स्टीलच्या ताटात आपण जेवतो, त्या न गंजणाऱ्या पोलादाची वाट १९१३ साली दाखविणारा हॅरी ब्रिअर्ली पोलाद वितळविणाऱ्या मजुराचा मुलगा होता. बाराव्या वर्षी त्याची शाळा सुटली होती.

रात्रशाळा आपल्याकडे नव्हत्या असे नाही. १८५५ सालीच जोतीरावांनी पुण्यात शेतकरी व कामकरी लोकांसाठी रात्रीची शाळा उघडली. थॉमसच्या शोधाच्या तेवीस वर्षे आधी! बी वेळेवर पेरले होते. पाणी घालणारे आपण कमी पडलो.

असो. गेल्याचे रडगाणे गाण्यासाठी आम्ही लेखणी उचलली नाही. आज दाराशी काय उभे आहे ते पाहा.

एक. फौंड्रीत सुतार लाकडाचा नमुना करी, त्यावर वाळू ठोकून साचा होई. आता संगणकातील आकृतीवरून यंत्र वाळूचा थरावर थर चिकटवून नमुन्यावाचूनच साचा उभा करिते. सुताराचे काम गेले काय? पटाशीचे गेले, डोळ्याचे नाही. बीड थिजताना शंभराला सुमारे एक भाग आटते, पोलाद सुमारे दोन भाग आटते, साचा सोडविण्यास बाजूला किती उतार द्यावा, हे सारे आकृती काढणाऱ्यालाही ठाऊक असावेच लागते. सुताराच्या पोराला ते बापाकडून मिळालेले आहे. त्याला संगणक शिकवा, तो त्या यंत्राचा धनी होईल. नाही शिकविलात तर तो त्याच यंत्राखालची वाळू झाडील.

दोन. रस साच्यात कसा धावेल, कोठे आधी थिजेल, कोठे पोकळी पडेल, हे ओतण्यापूर्वीच संगणकावर पाहता येते. पूर्वी दहा वेळा ओतून, नऊ वेळा मोडून जे कळे ते आता एका बैठकीत कळते.

तीन. खनिजातील प्राणवायू काढून घेण्यास आजवर कोळसा लागे, आणि भट्टीच्या वाटेने एक टन पोलादामागे सुमारे २ टन कर्बवायू आकाशात जाई. स्वीडनमधील लुलेओ येथे कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोखंड करण्याचा कारखाना प्रायोगिक प्रमाणात २०२० साली सुरू झाला. तेथे धुराऐवजी पाण्याची वाफ निघते. २०२१ साली त्यातले पहिले पोलाद गिऱ्हाइकाला दिलेही. युरोपच्या राष्ट्रांनी बाहेरून येणाऱ्या लोखंड-पोलादाच्या कर्बाचा हिशेब ऑक्टोबर २०२३ पासून मागावयास आरंभ केला आणि १ जानेवारी २०२६ पासूनच्या मालावर त्याचा आकार बसविला. उद्या कारखान्यात हा हिशेब ठेवणारा कोण असेल आणि राख उपसणारा कोण असेल? गडचिरोलीच्या सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघत आहे. तेथल्या माडिया पोरांना त्या दगडातून लोखंड कसे निघते हे कोणी शिकविणार की नाही, की त्यांनी नुसत्या गाड्या मोजावयाच्या?

सरकार काही करीत नाही असे आम्ही म्हणत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये विश्वकर्मा योजना निघाली. तीत अठरा धंदे आहेत, लोहार-सुतार-कुंभारही आहेत. अवजारांसाठी १५,००० रुपये, स्वस्त व्याजाचे कर्ज, आणि पाच ते सात दिवसांचे पहिले शिक्षण. ज्यांना मिळाले त्यांनी जरूर घ्यावे. परंतु आम्ही विचारतो, वकिलाचा मुलगा वकील व्हावयास किती वर्षे शिकतो? डॉक्टरचा किती? मग लोहाराच्या पोराची विद्या आठवड्याच्या बाजाराएवढ्या मुदतीत कशी आटोपते? पुढचे शिक्षण पंधरा दिवसांचे म्हणतात. पंधरा दिवसांत आमच्या पहिलीतल्या पोराची बाराखडीसुद्धा पुरी होत नाही!

आता दोन शब्द आपल्याच घरात. रागावू नका. लोखंडी नांगर प्रथम निघाला तेव्हा त्याने जमिनीत विष कालवते म्हणून तो न घेणारे आपलेच आजे-पणजे होते. आणि आज पोराच्या हाताला काळे लागू नये म्हणून शेत विकून त्याला कसल्या तरी कचेरीच्या परीक्षांना बसविणारेही आपणच आहोत. ज्या हातांनी आपल्याला जेवू घातले त्यांची लाज वाटू लागली, तर दुसऱ्याने हिणविल्याचे दुःख का करावे? काळ्या हाताने लेखणी धरली पाहिजे. हात पांढरा करून नव्हे.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे:

प्रत्येक भट्टीपाशी धोक्याच्या सूचना मोठ्या मराठी अक्षरांत असाव्या आणि नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी त्या कारणांसह वाचून दाखवाव्या. ओले भंगार का घालू नये, भट्टीचे अस्तर झिजले तर रस पाण्याच्या नळीपर्यंत जाऊन काय होते, वाळूची बारीक धूळ छातीत जाऊन फुप्फुस कसे दगड होते, हे त्याला कळलेच पाहिजे.

आयटीआयमध्ये जुनी यंत्रे आणि इंग्रजी पुस्तके ठेवून भागणार नाही. धातूची विद्या मराठीत लिहवून घ्यावी. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ पासून आहे. उमेदवार म्हणजे फुकटचा झाडूवाला नव्हे, हे कारखानदारांना बजावावे.

गावोगावच्या लोहार, सुतार, तांबट घरांनी एकत्र येऊन सामाईक यंत्रे घ्यावी. १९५० साली प्रवरेच्या काठी शेतकऱ्यांनी आपला साखर कारखाना उभा करून दाखविला. उसाला जे साधले ते लोखंडाला का साधू नये?

आणि आम्ही मास्तरांनी काय करावे? दुसऱ्याला सांगून आपण हात झटकावे, हे आम्हांस पटत नाही. येत्या दिवाळीनंतर दर गुरुवारी रात्री आठ वाजता आमच्या शाळेच्या वऱ्हांड्यात वर्ग भरेल. लोखंड का तापते, का आटते, का उडते, हे आम्ही मराठीत सांगू. आम्हांस येत नाही ते आधी शिकून येऊ. पहिल्या दिवशी पाण्याच्या वाफेचा धडा आमचा तो भाजलेला विद्यार्थी देणार आहे. त्याने स्वतःहून मागून घेतला आहे.

पोरे पाठवा. पोरींनाही पाठवा. येताना पाटी आणा, आणि हात धुऊन येण्याची गरज नाही.