बेट कोणाचें, दान कोणाचें?

घर ज्याचें त्यास न विचारतां एका तिऱ्हाईतानें तें दुसऱ्या तिऱ्हाईतास देऊन टाकलें, तर आपल्या लांज्याच्या बाजारांत त्या व्यवहारास काय म्हणतील हें सांगण्याची गरज नाहीं. परंतु हाच व्यवहार मुकुट घातलेल्या माणसांनीं केला कीं त्यास तह म्हणतात, आणि तो पुस्तकांत छापून आमच्या मुलांकडून पाठ करून घेतात. मुंबई बेटाचा इतिहास हा असल्या तहांचा इतिहास आहे. त्यांत देणाराचें नांव आहे, घेणाराचें आहे, दिवस व साल आहे. बेटावर राहणाऱ्याचें नांव मात्र कोठेंच नाहीं.

लांजे तालुक्यास समुद्र नाहीं; मग ही उठाठेव येथें बसून कशास, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर पुढें येईल. आधीं व्यवहार कसकसा झाला तो पाहूं.

हल्लींची मुंबई मुळांत सात बेटें होतीं: मुंबई, कुलाबा, धाकटा कुलाबा, माझगांव, परळ, वरळी व माहीम. कोळी तेथें मासे धरीत, भंडारी माडी काढीत, आगरी मीठ व भात पिकवीत. मुंबा ही कोळ्यांची देवी. तिच्याच नांवानें आज जग ह्या शहरास ओळखतें. माहिमास बिंब राजा होऊन गेल्याचें 'महिकावतीची बखर' सांगते. ती बखर राजवाडे यांनीं १९२४ सालीं छापून काढली. तिच्यांत राजे आहेत, वतनें आहेत, कुळें व गोत्रें आहेत. पण ती जाळें टाकणाराच्या हातची नाहीं. ज्याच्या हातीं लेखणी त्याचें कूळ कागदावर उमटलें; ज्याच्या हातीं वल्हें त्याचें पाण्यावर उमटलें आणि पुसलें गेलें. आमच्या समाजाची सारी कहाणी ह्या एका गोष्टींत आहे.

पुढें गुजराथच्या सुलतानांचा अंमल आला. बहादूरशहाच्या पाठीशीं मोगल बादशहा हुमायून लागला होता. पोर्तुगिजांची मदत मिळावी म्हणून सुलतानानें २३ डिसेंबर १५३४ च्या तहानें वसई आणि तिच्याबरोबर हीं बेटें त्यांस लिहून दिलीं. भीति सुलतानाची, गरज सुलतानाची, आणि किंमत दिली ती कोळ्याच्या अंगणानें. पोर्तुगिजांनीं हीं बेटें आपल्या माणसांस खंडानें दिलीं. खुद्द मुंबई बेट गार्सिया द ओर्ता नांवाच्या एका वैद्याकडे होतें. पाद्री आले, देवळें गेलीं, कांहीं कोळी ख्रिस्ती झाले. देव बदलला, जाळें तेंच राहिलें.

नंतर लग्न निघालें. पोर्तुगालच्या राजानें आपली बहीण कॅथरिन इंग्लंडच्या दुसऱ्या चार्लस राजास दिली, आणि २३ जून १६६१ च्या करारांत मुंबई बेट आंदण म्हणून घातलें. आमच्याकडे आंदणांत भांडीं देतात, फार तर गाय देतात. तींही स्वतःच्या घरचीं. येथें वऱ्हाड युरोपांत आणि आंदण कोळ्याच्या दारांतलें! ह्या आंदणास हरकत निघालीच नाहीं असें नव्हे. गोव्याच्या पोर्तुगीज गव्हर्नरानें बेट सोडण्यास टाळाटाळ केली. ताबा घेण्यास आलेला शिपमन व त्याचे शिपाई कारवारजवळच्या अंजदीव बेटावर वाट पाहत पडले. तापानें बहुतेक सारे मेले, शिपमनही मेला, आणि अखेर १८ फेब्रुवारी १६६५ रोजीं हंफ्रे कुक यानें ताबा घेतला. पण हरकत होती ती एका धन्याची दुसऱ्या धन्याविरुद्ध. कोळ्यांस काय वाटतें, असें दोघांपैकीं एकानेंही विचारलें नाहीं. तीन वर्षांनीं, २७ मार्च १६६८ रोजीं, चार्लस राजानें तें बेट ईस्ट इंडिया कंपनीस देऊन टाकलें. खंड किती? वर्षाला १० पौंड!

आतां लढाया पहा. १६७९ सालीं शिवछत्रपतींनीं मुंबईच्या तोंडाशीं खांदेरी बेटावर किल्ला बांधावयास घेतला. इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी दोघेही उठले. महाराजांच्या आरमारांत पुढारी होता मायनाक भंडारी. आणि पलीकडे मुंबईच्या रखवालीस कंपनीनें जी पलटण उभारली तीही भंडाऱ्यांचीच. दोन्हीं बाजूंस आपलाच माणूस! फरक एवढाच कीं, एकीकडे तो सरदार म्हणून नांवानिशीं उभा होता आणि दुसरीकडे नुसता पहारेकरी होता. इंग्रजांस अखेर खांदेरीपुरतें नमावें लागलें. शेजारचें उंदेरी बेट सिद्दीनें बळकावलें. १६८९ सालीं औरंगजेबाच्या वतीनें सिद्दी याकूतखान मुंबईवरच उतरला. शिवडी, माझगांव, माहीम त्यानें घेतलें. इंग्रज किल्ल्याच्या भिंतीआड बसले आणि बादशहाची माफी मागून, दीड लाख रुपये दंड भरून सुटले. गोऱ्यांना भिंत होती. वाडींतल्या माणसाला कोणती भिंत होती?

मग समुद्रालाच हटविण्याचें काम सुरू झालें. गव्हर्नर हॉर्नबी याच्या अमदानींत, १७८४ च्या सुमारास, वरळीची खाडी बांध घालून बंद केली. १८३८ त कुलाब्याचा रस्ता झाला, १८४५ त माहीमचा. सात बेटांची एक जमीन झाली, आणि जेथें होडी लागे तेथें पेढी लागली. मुंबादेवीचें मूळ देऊळ किल्ल्याजवळ होतें. तेंही हलवून भुलेश्वराकडे नेलें. जिच्या नांवाचें शहर तिलाच जेथें जागा सोडावी लागली, तेथें तिच्या लेंकरांची काय कथा!

ह्यावर शहाणे लोक सांगतात कीं, कोळ्यांच्या हातीं बेट राहतें तर खडक व चिखलच राहिला असता. शहर झालें तें इंग्रजांच्या व शेटजींच्या बुद्धीनें. आम्ही विचारतों, बांध घातला कोणीं? दगड वाहिला कोणीं? १८५४ नंतर ज्या गिरण्या निघाल्या त्यांत माग कोणीं चालविले? तेथेंच लांज्याचा संबंध येतो. आपल्या लांजे, राजापूर, संगमेश्वर भागांतला कुणबी व मराठा भातशेतींत पोट भरेना म्हणून परळ-वरळीच्या चाळींत गेला. ज्या बेटावर तो उतरला तें कोळ्याचें होतें. पण कोळ्यानें त्यास हांकून दिलें नाहीं. आणि जो प्रसंग कोळ्यावर आला होता तोच पुढें ह्या पाहुण्यावर आला. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा मोठा संप सुरू झाला. गिरण्या मोडल्या आणि जमिनींवर मनोरे उठले. गिरणीच्या जमिनीचा सौदा झाला तेव्हां गिरणी चालविणाराचें नांव कागदावर कोठें होतें? कोळ्याचा प्रश्न हा कोळ्यांचाच, असें ज्या लांजेकरांस वाटतें त्यांनीं आपल्या घरांतल्या म्हाताऱ्या गिरणी कामगारास एकदां विचारून पहावें.

कोणी म्हणेल, तें राजांचें युग गेलें. गेलें काय? हिंदी महासागरांत दिएगो गार्सिया नांवाचें बेट आहे. १९६८ ते १९७३ या काळांत इंग्रजांनीं तेथील व आसपासच्या बेटांवरील साऱ्या रहिवाशांस उचलून बाहेर काढलें आणि अमेरिकेच्या आरमारास तळ दिला. २२ मे २०२५ रोजीं त्या बेटांविषयीं इंग्लंड व मॉरिशस ह्यांनीं करार केला. तेव्हांही तेथून हांकलेल्या लोकांनीं आक्रोश केला कीं, आम्हांला कोणी विचारलें नाहीं.

आणि घरांत तरी काय आहे? मुंबईच्या सागरी रस्त्याचें काम निघालें. वरळीच्या मच्छीमारांच्या सोसायट्या कोर्टांत गेल्या. हायकोर्टानें १६ जुलै २०१९ रोजीं परवानगी रद्द केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत सुप्रीम कोर्टानें काम पुढें चालूं दिलें. होडी जावयाची ती पुलाच्या खांबांमधून. खांबांतील अंतर ठरलें होतें ६० मीटर. वाऱ्यांत होडी आपटेल म्हणून कोळ्यांनीं १६० मीटर मागितलें. पुष्कळ भांडणानंतर १२० मीटर पदरांत पडलें. भांडले म्हणून तेवढें तरी मिळालें, हें ध्यानांत ठेवावें. पण ज्याचा समुद्र त्यानें आपल्या वाटेची भीक मीटरांनीं मागावी, हा न्याय कोणता? २४ डिसेंबर २०१६ रोजीं शिवछत्रपतींच्या स्मारकासाठीं समुद्रांत जलपूजन झालें, तेव्हांही मच्छीमारांनीं सांगितलें कीं येथें आमचें मासे धरण्याचें ठिकाण आहे. महाराजांचें स्मारक कोणास नको आहे? परंतु ज्या राजानें चिपळुणाकडे छावणी केलेल्या आपल्या लष्करास, दाणे, भाजी, लांकडें विकत घ्या, रयतेस तोशीस देऊं नका, म्हणून लिहिलें, त्याच्या नांवानें जें करावयाचें तें रयतेस विचारूनच केलें पाहिजे.

जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला तो देव आणि माणूस यांमध्यें दलाल नको म्हणून. तेंच तत्त्व जमिनीस व पाण्यास लावा. माणूस आणि त्याचें वसतिस्थान यांमध्यें बसून, एकाचें दुसऱ्यास देणारा जो कोणी असेल, सुलतान असो, राजा असो, कंपनी असो कीं आपण निवडून दिलेलें सरकार असो, तो दलालच होय.

आमचें मागणें थोडें आहे. कोळीवाड्यांच्या सीमा मोजण्याचें काम वर्षानुवर्षें रेंगाळलें आहे. तें पुरें करून जागा, होड्या लावण्याचें ठिकाण व मासळी वाळविण्याचें मैदान रहिवाशांच्या नांवें सरकारी दप्तरांत चढवावें. समुद्रांत कांहीं बांधावयाचें तर आधीं कोळीवाड्याची सभा घ्यावी, मग नकाशा काढावा. आणि मुलांच्या पुस्तकांत १५३४, १६६१ व १६६८ ह्या सालांपुढें एक ओळ छापावी: त्या दिवशीं बेटावर माणसें राहत होतीं.

ही मागणी एकट्या कोळ्यानें केली तर ती समुद्राच्या गाजेंत बुडेल. कोळी, भंडारी, आगरी, कुणबी ह्यांनीं मिळून केली तर मंत्रालयांत ऐकूं जाईल. जातीजातींच्या वेगवेगळ्या वाड्या करून बसण्याची संवय आपणांस लावून ठेवली आहे, आणि आपण ती इमानानें पाळीत आहों. ती मोडल्यावांचून कोणाचेंच बेट वांचणार नाहीं. मग तें समुद्रांतलें असो, नाहींतर लांज्याच्या डोंगरांतलें.