पशुवैद्याची चूक

पशुवैद्यास 'गुरांचा डॉक्टर' म्हणून हिणविणारा आमचा सुशिक्षित समाज त्याच्याकडून अपेक्षा मात्र देवाची करतो. रोगी मुका, कोठें दुखतें हें सांगण्याची त्यास सोय नाहीं. तरी निदान अचूक हवें, गुण तात्काळ हवा, आणि जनावर दगावलें तर दोष वैद्याचाच! ही न्यायबुद्धि नव्हे. हा विचाराचा आळस आहे.

व्यालेली गाय दुग्धज्वरानें आडवी पडते. रक्तांतील कॅल्शियम उतरलेलें असतें. तें शिरेंतून सावकाश दिलें तर बहुधा ती थोड्याच वेळांत उठून उभी राहते. तेंच घाईनें गेलें तर हृदय बंद पडतें. आमच्या परिचयाच्या एका तरुण पशुवैद्याच्या हातून, दिवसभराच्या खेपांनंतर, रात्रीं विजेरीच्या उजेडांत हें घडलें. मालकाचे शिव्याशाप त्यानें निमूटपणें सोसले. त्याला जाळलें तें वरिष्ठाच्या एका वाक्यानें : "झालें तें कोणाजवळ बोलूं नका." तो बोलला नाहीं. पुढें कॅल्शियमची बाटली हातीं घेतली कीं हात थरथरे. वर्षाच्या आंत त्यानें धंदाच सोडला. आम्हीही तीस वर्षें वर्गांत चुकत आलों आहों. पण आमच्या चुकीनें कोणाची गोठ्यांतली लक्ष्मी गेली नाहीं, म्हणून आमची झोपही गेली नाहीं.

अमेरिकेंत १९७९ ते २०१५ या काळांतील पशुवैद्यांच्या मृत्युनोंदी तपासल्या असतां, एकूण मृत्यूंतील आत्महत्यांचा वाटा सामान्य जनतेच्या मानानें पुरुषांत सुमारें दुप्पट व स्त्रियांत साडेतीनपट आढळला. याचीं कारणें अनेक असतील. पण एवढे आंकडे पाहूनही "जनावरांच्या डॉक्टराला कसला आला ताण?" असें विचारणाऱ्यास आम्ही काय म्हणावें?

कोणी म्हणतील, चुका उघड बोलूं दिल्या तर जबाबदारी ढिली होईल. अनुभव नेमका उलट आहे. डायक्लोफेनॅक हें वेदनाशामक पशुवैद्यांनीं गुरांस सद्भावनेनेंच दिलें. तीं मेलेलीं गुरें खाऊन लक्षावधि गिधाडें मूत्रपिंडें निकामी होऊन मेलीं. संशोधकांनीं मेलेले पक्षी चिरून पाहिले, तेव्हां २००४ सालीं कारण जगापुढें आलें. २००६ सालीं भारतांत गुरांसाठीं त्या औषधावर बंदी आली. वैद्यांस नुसत्या शिव्या देऊन एकही गिधाड वांचलें नसतें.

माणसांच्या मोठ्या रुग्णालयांत दगावलेल्या रोग्यांविषयीं डॉक्टर एकत्र बसून चर्चा करतात. तशी बैठक प्रत्येक जिल्ह्यांतील पशुवैद्यांनीं दरमहा कां भरवूं नये? तींत शिक्षेचें भय नसावें. हयगयीची चौकशी निराळी. ती अवश्य व्हावी. पण थकव्यानें झालेली चूक आणि हयगय यांस एकाच दोरीनें फांशीं देणारा समाज चुका थांबवीत नाहीं. तो त्या फक्त लपवावयास शिकवितो. आणि लपविलेली चूक दुसऱ्या गोठ्यांत पुन्हा होते.

वाचकांच्या घरचें एखादें जनावर उद्यां दगावलें, तर "कोणीं मारलें?" असें विचारण्यापूर्वीं "काय झालें?" असें त्यांनीं विचारावें. दुसऱ्या प्रश्नाला खरें उत्तर मिळण्याचा संभव अधिक आहे.