कुरळे केस : कंगवा कमी, काळजी जास्त

सकाळचे साडेसहा वाजलेले असतात. मुलीची शाळा सातची. गॅसवर दूध चढलेले, डबा अर्धवट भरलेला आणि मुलीला दोन गुडघ्यांत घट्ट धरून आई तिचे केस विंचरत असते. कंगवा दोन बोटे खाली येतो आणि अडतो. आई जोर लावते, मुलगी ओरडते. कधी केस तुटतो, तर कधी कंगव्याचा दात. "केस आहेत की झिंज्या! कुणावर गेली आहेस कोण जाणे," असे पुटपुटत आई तेलाचा हात फिरवते आणि चापूनचोपून दोन वेण्या घालून तिला पिटाळते. मागे जमिनीवर मूठभर गुंतवळ उरते.

कुरळ्या केसांची मुलगी असलेल्या कित्येक घरांत हा प्रसंग रोजचा आहे. बारा-तेरा वर्षांची होईपर्यंत त्या मुलीच्या मनात एक गोष्ट पक्की रुजलेली असते, ती म्हणजे आपले केस वाईट आहेत. मैत्रिणीच्या सरळ, चमकदार वेणीकडे ती हेव्याने पाहते. कॉलेजात गेल्यावर तिची पहिली मागणी असते ती केस सरळ करून घेण्याची. लग्न ठरू लागले की कुणीतरी नातेवाईक बाई सुचवतेच, "बघायला येतील त्या दिवशी केस जरा नीट बसवून घे हं."

खरे तर दोष केसांचा नसतो आणि आईचाही नसतो. सरळ केसांची वेणीफणी कुरळ्या केसांवर लादली जाते, एवढेच घडते. कुरळे केस विंचरण्याचीही एक वेळ आणि एक रीत आहे. ती सांभाळली, तर आठवड्यातून एकदा किंवा दोनदाच कंगवा लावून हे केस उत्तम राहतात.

केस कुरळे का असतात?

केस ज्या खळग्यातून उगवतो, त्याच्या आकारावर केसाचे वळण अवलंबून असते. खळगा सरळ असेल तर केस सरळ आणि साधारण गोल उगवतो. खळगा वाकडा असेल तर केस किंचित चपटा आणि वळणे घेत बाहेर येतो. ही देणगी आईवडिलांकडून आलेली असते. लहानपणी कितीदाही जावळ काढले किंवा कितीही तेल चोपडले तरी ती बदलत नाही. वयात येताना, बाळंतपणानंतर किंवा काही औषधांमुळे केसांचा पोत कधीकधी बदलतो, पण तो आतल्या बदलांमुळे.

डोक्याची त्वचा स्वतःचे तेल तयार करते. सरळ केसावरून हे तेल सहज टोकापर्यंत ओघळते. कुरळ्या केसाच्या वळणावळणांवरून ते खाली पोहोचत नाही. म्हणून डोके तेलकट आणि टोके मात्र कोरडी, ही कुरळ्या केसांची नेहमीची तक्रार असते.

केसाचे बाहेरचे आवरण छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेल्या खवल्यांचे असते. वळणाच्या जागी हे खवले चटकन उचलले जातात आणि एका केसाचे खवले दुसऱ्यात अडकतात. गुंता होतो तो असा. कोरड्या केसांत कंगवा ओढला की ही कौले निघतात, केस खरखरीत होतो आणि पुढच्या वेळी अधिक गुंततो. शिवाय एकत्र वळलेल्या बटा सुट्या होऊन केस पिंजल्यासारखे फुलतात. ते बसवायला पुन्हा कंगवा फिरवला जातो आणि केस आणखी फुलतात!

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. म्हणजे तीस सेंटिमीटर लांब केसाचे टोक अडीच वर्षांचे असते. अडीच वर्षे रोज ओढाताण सोसलेले टोक दुभंगले, तर नवल नाही.

ओले विंचरावेत की वाळलेले?

"ओले केस विंचरू नकोस, तुटतात," असे आजी सांगते. ते सरळ केसांसाठी खरेच आहे. ओला केस अधिक ताणला जातो आणि कमकुवत होतो. सरळ केस थोडे सुकू द्यावेत आणि मगच रुंद दातांच्या कंगव्याने विंचरावेत.

घट्ट कुरळ्या केसांचे मात्र उलट आहे. कोरडेपणी त्यांचा गुंता इतका पक्का असतो की तो सोडवताना होणारी हानी अधिक असते. पाण्याने वळणे सैल होतात आणि कंडिशनरने केस निसरडे होतात. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञही असे केस ओलसर असतानाच विंचरण्याचा सल्ला देतात. एकाच घरात थोरलीचे केस सरळ आणि धाकटीचे कुरळे असतील, तर दोघींसाठी दोन नियम हवेत.

न्हाण्याचा दिवस

न्हाण्याआधी तासभर केसांना, विशेषतः टोकांना, खोबरेल तेल लावावे. या जुन्या सवयीला शास्त्राचा आधार आहे. २००३ साली मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. केसांतील प्रथिनांची झीज फक्त खोबरेलाने कमी झाल्याचे तिच्यात आढळले. हे संशोधक खोबरेल विकणाऱ्या कंपनीतले होते, हेही लक्षात असू द्यावे. डोक्यात कोंडा असेल, तर तेल त्वचेवर न चोळता केसांच्या लांबीलाच लावावे.

शाम्पू सौम्य असावा आणि तो बोटांच्या पेरांनी डोक्याच्या त्वचेवर चोळावा. केस डोक्यावर गोळा करून घासू नयेत. वाहून जाणारा फेस लांबीला पुरेसा असतो.

मग भरपूर कंडिशनर कानांच्या खालच्या केसांना लावावा. कंडिशनर वापरायचा नसेल, तर जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रसही केसांना निसरडेपणा देतो. केरळात ‘ताळी’ या नावाने तो न्हाण्यासाठी पूर्वापार वापरला जातो.

आता केसांचे चार भाग करावेत. एकेक भाग हातात धरून आधी बोटांनी मोठ्या गाठी सोडवाव्यात. नंतर रुंद दातांचा कंगवा टोकापासून सुरू करून हळूहळू मुळांकडे न्यावा. मुळापासून खाली कंगवा ओढला की वाटेतल्या सगळ्या गाठी टोकाशी गोळा होऊन घट्ट बसतात. हट्टी गाठ आली, तर तिच्यावर आणखी कंडिशनर लावून ती बोटांनी उकलावी. पहिल्या खेपेला पाऊण तास लागेल, पण हात बसला की दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

केस धुऊन झाल्यावर टॉवेलने खसाखसा पुसू नयेत. जुना सुती पंचा किंवा मऊ बनियन घेऊन, डोके खाली झुकवून, केस मुठीत धरून वरच्या दिशेने हलकेच दाबावेत. पाणी टिपले जाते आणि बटा आपोआप वळतात. त्या वळणात राहाव्यात यासाठी जवसाचे जेल घरच्या घरी करता येते. दोन मोठे चमचे जवस दोन कप पाण्यात मंद आचेवर उकळावेत. अंड्याच्या पांढऱ्या भागासारखे दाट झाले की गरम असतानाच गाळावे, थंड झाल्यावर गाळणे कठीण जाते. फ्रिजमध्ये ते आठवडाभर टिकते. चमचाभर जेल ओल्या केसांवर लावून केस पूर्ण वाळेपर्यंत हात लावू नये.

बोअरवेलचे जड पाणी असेल, तर क्षार साचून केस राठ होतात. अशा वेळी मगभर पाण्यात चमचाभर व्हिनेगर घालून ते केसांवरून शेवटी ओतावे आणि वर साधे पाणी घ्यावे.

मधले दिवस

मधल्या दिवसांत कंगवा कपाटात राहू द्यावा. सकाळी हातांना पाणी लावून बटांवरून फिरवावे. टोके कोरडी वाटली, तर तळहातावर तेलाचे दोन थेंब चोळून टोकांना लावावेत. भांग बोटाने पाडावा. शाळेत वेण्या सक्तीच्या असतील, तर ओलसर बोटांनी केसांचे भाग करून सैल वेण्या घालाव्यात. रोज ताणून बांधलेल्या वेण्यांमुळे कपाळावरचे आणि कानशिलाजवळचे केस कायमचे विरळ होऊ शकतात.

रात्री केस डोक्यावर सैल बांधावेत किंवा सैल वेणी घालावी. उशीला सुती अभ्र्याऐवजी साटिनचा किंवा जुन्या रेशमी साडीचा अभ्रा घातला, तर घर्षण कमी होते.

हवामानाचाही विचार हवा. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता इथल्या दमट हवेत केस ओलावा शोषून फुगतात, तिथे जेल उपयोगी पडते. नागपूर किंवा दिल्लीच्या कोरड्या उन्हाळ्यात टोकांना तेलाची अधिक गरज भासते.

गुंतवळ पाहून घाबरू नये

नव्याने ही पद्धत सुरू करणाऱ्या बहुतेकजणी पहिल्याच आठवड्यात घाबरतात. सहा दिवसांनी विंचरल्यावर हातात केसांचा मोठा पुंजका येतो आणि टक्कल पडणार, असे वाटते. इथे थोडा हिशोब करावा. निरोगी माणसाचे रोज ५० ते १०० केस गळतात. रोज विंचरणाऱ्या बाईला ते रोज थोडेथोडे दिसतात. सहा दिवसांनी विंचरणारीच्या हातात ३०० ते ६०० केस एकदम येतात, कारण गळलेले केस बटांतच अडकून राहिलेले असतात.

मात्र भांग रुंद होत चालला, गोल चट्टे पडले किंवा रोजच पुंजके येऊ लागले, तर कंगव्याला दोष न देता डॉक्टरांकडे जावे. रक्तातील लोहाची कमतरता, थायरॉइडचा विकार, मोठा ताप किंवा बाळंतपण ही त्यामागची कारणे असू शकतात. ताप किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती बहुधा आपोआप थांबते.

सरळ करून घेण्याआधी

पार्लरमध्ये रसायनांनी सरळ केलेले केस तेवढेच सरळ राहतात. मुळातून येणारा नवा केस कुरळाच असतो. चार-सहा महिन्यांत वर कुरळे, खाली सरळ अशी स्थिती होते आणि पुन्हा खर्च करावा लागतो. ‘केराटिन’ नावाने होणाऱ्या काही उपचारांत उष्णतेने फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. तो डोळ्यांना आणि घशाला झोंबतो आणि कर्करोगकारक पदार्थांत गणला जातो. ‘फॉर्माल्डिहाइडमुक्त’ म्हणून आलेल्या काही उत्पादनांत ग्लायऑक्झिलिक ॲसिड असते. त्यानंतर मूत्रपिंडाला इजा झाल्याची उदाहरणे अलीकडे वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहेत. म्हणून निर्णय घेण्याआधी बाटलीवरचे घटक वाचावेत. निर्णय आपल्या हौसेचा आहे की दुसऱ्याच्या टोमण्याचा, हेही स्वतःला विचारावे.

न विंचरणे म्हणजे दुर्लक्ष नव्हे

कमी विंचरणे आणि अजिबात न सोडवणे यांत मोठा फरक आहे. आठवड्याला एकदा गुंता सुटलाच पाहिजे. महिनोन्महिने तो तसाच राहिला, तर केस एकमेकांत विणले जाऊन त्याची जट होते.

महाराष्ट्रात आणि कर्नाटकात या जटेने अनेक स्त्रियांचे आयुष्य बिघडवले आहे. जट म्हणजे यल्लम्मा देवीचे बोलावणे, ती कापली तर कोप होईल, या भीतीने बायका वर्षानुवर्षे तो भार वागवतात. मान दुखते, डोके धुता येत नाही, उवा होतात, झोप लागत नाही. एकेकाळी जट आली म्हणून मुलींना देवाला सोडले जाई. देवदासी प्रथेविरुद्ध कर्नाटकाने १९८२ साली आणि महाराष्ट्राने २००५ साली कायदा केला, पण जटेची भीती अजून पुरती गेलेली नाही. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते अशा स्त्रियांची समजूत घालून त्यांच्या जटा काढतात. डोके हलके झाल्यावर कसला कोप होत नाही, होते ती फक्त सुटका. जट हा देवीचा संकेत नसून न सुटलेला गुंता आहे, हे प्रत्येक आईने मुलीला सांगायला हवे.

उवांबाबतही सावध राहावे. रोज विंचरले जात नसल्याने त्या लवकर दिसत नाहीत. शाळकरी मुलीचे केस न्हाण्याच्या दिवशी कंडिशनर लावून सोडवले की लगेच बारीक दातांची फणी फिरवून पाहावी.

हे सारे करायला रविवारचा एक तास लागतो. एक रुंद दातांचा कंगवा, कंडिशनर आणि मूठभर जवस एवढेच सामान लागते. त्या बदल्यात आठवड्याच्या इतर सकाळी घरात रडारड होत नाही. मुलगी आरशासमोर ओल्या हातांनी स्वतःच बटा सारख्या करते. मग तिचे केस कुणावर गेले आहेत, असे कुणी विचारलेच, तर आईने हसून सांगावे, "माझ्यावर!"