शहाबादी फरशीच्या घराला व्हॅक्यूम क्लीनर हवा का?

"डॉक्टर, मुलाला दमा आहे, व्हॅक्यूम क्लीनर घेऊ का?" सोयाबीनच्या मळणीचे दिवस आले की धाराशिवकडचे पालक हमखास विचारतात. माझं मत स्पष्ट आहे: आधी नियमित इन्हेलर, मग ओलं फडकं, आणि पैसे उरले तरच मशीन.

कारण साधं आहे. दमा चाळवणारे धुळीतले सूक्ष्म किडे, म्हणजे डस्ट माइट, उघड्या फरशीवर फारसे टिकत नाहीत. त्यांचं घर म्हणजे गादी, उशी आणि गोधडी. शहाबादीवरची किंवा टाइल्सवरची धूळ ओल्या फडक्याने चांगली निघते. कोरडा झाडू मात्र तीच धूळ हवेत उडवतो.

तरी मशीन घ्यायचंच असेल तर नुसत्या वॅटच्या आकड्याला भुलू नका. हेपा फिल्टर आहे का, ते विचारा. खरा हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या फिल्टरमधून बारीक धूळ पुन्हा खोलीत येते. फरशीसाठी मऊ ब्रश आणि सांध्यांसाठी चपटं नोझल घ्या. गालिच्याचा फिरता ब्रश असेल तर फरशीवर तो बंद ठेवा. धुळीचा डबा घराबाहेर, आणि दमा नसलेल्यानेच रिकामा करावा.

चादरी-अभ्रे दर आठवड्याला साधारण ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवा.

मशीनच्या हप्त्यापायी इन्हेलर बंद झाला, तर घर चकाचक होईल, पण पोराची छाती घरघरतच राहील.